चालण्याचे खाते, बसण्याचे खाते

पहाटे टेकडीवर तासभर चालून येणारी आणि त्यानंतर रात्रीपर्यंत खुर्चीवरून फारशी न हलणारी माणसे पुण्या-मुंबईत कमी नाहीत. सकाळच्या फेरीचे पुण्य दिवसभर पुरते, असा त्यांचा समज असतो. मेंदूच्या बाबतीत मात्र चालणे आणि बसणे ही दोन वेगळी खाती आहेत आणि एकातील शिल्लक दुसऱ्यात पूर्णपणे वळती होत नाही. त्यामुळे दोन्ही खाती स्वतंत्रपणे सांभाळावी लागतात.

आधी बसण्याचे खाते पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 20 टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. त्याच्याकडे इंधनाचा साठा जवळजवळ नसल्यामुळे त्याचे सारे काम अखंड रक्तपुरवठ्यावर चालते. इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 15 निरोगी कार्यालयीन कर्मचाऱ्यांना वेगवेगळ्या दिवशी चार-चार तास बसवले. एकदा ते सलग बसले, एकदा दर अर्ध्या तासाने दोन मिनिटे चालले आणि एकदा दर दोन तासांनी आठ मिनिटे चालले. सलग बसल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग कमी झाला. दर अर्ध्या तासाने उठल्यावर ही घट टळली. आठ मिनिटांच्या फेऱ्यांनी मात्र तसा स्पष्ट लाभ दिसला नाही, जरी दोन्ही पद्धतींत चालण्याची एकूण मिनिटे सारखीच होती. प्रयोग लहान आहे आणि चार तासांतील रक्तप्रवाहावरून म्हातारपणीच्या स्मृतीविषयी भाकीत करता येत नाही, हे खरेच. तरीही ज्या उपायाला दोन मिनिटांपलीकडे काही मोजावे लागत नाही, तो करून पाहण्यासाठी एवढा आधार मला पुरेसा वाटतो.

पहिली पायरी मोजणीची आहे. कामाचा एक दिवस आणि सुट्टीचा एक दिवस निवडून, जेवणाची, प्रवासाची, संगणकासमोरची आणि दूरदर्शनसमोरची अशी बसण्याची सगळी मिनिटे कागदावर लिहून काढावीत. बेरीज बहुधा अंदाजापेक्षा मोठी निघते. ब्रिटनमधील साठी ओलांडलेल्या सुमारे 50,000 लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारे यंत्र बांधून केलेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला 10 तासांहून अधिक बैठे असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका झपाट्याने वाढलेला आढळला. व्यायामाचा हिशेब वेगळा धरल्यावरही हा संबंध टिकून राहिला. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण 10 तासांची मर्यादा डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. त्याच अभ्यासात बैठकीच्या तुकड्यांपेक्षा दिवसाची एकूण बेरीज महत्त्वाची ठरली, म्हणून मधूनमधून उठण्याबरोबर बेरीजही खाली आणावी.

दुसरी पायरी बैठक मोडण्याची. घड्याळाचा गजर चार दिवसांत कानाला सवयीचा होतो आणि मग ऐकूच येत नाही. त्यापेक्षा उठण्याचे कारणच लांब ठेवावे. टेबलावर मोठी बाटली न ठेवता लहान पेला ठेवावा, म्हणजे तो भरण्यासाठी उठावे लागते. फोन आला की उभे राहूनच बोलावे, शेजारच्या विभागातील सहकाऱ्याला संदेश न पाठवता त्याच्या टेबलापर्यंत जावे आणि घरी मालिका पाहताना जाहिराती लागल्या की स्वयंपाकघरापर्यंत फेरी मारावी. नुसते उभे राहण्यापेक्षा पावले टाकणे अधिक चांगले, कारण चालताना पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावून पायांतील रक्त वर ढकलतात.

आता चालण्याचे खाते. अमेरिकेत 55 ते 80 वयाच्या 120 व्यक्तींवर वर्षभर चाललेल्या प्रयोगात, आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटे चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भाग, म्हणजे हिप्पोकॅम्पस, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला, तर केवळ ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात तो काहीसा आक्रसला. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाइतकीच त्यातील चालण्याची रीत उपयोगी आहे. पहिल्या आठवड्यात 10 मिनिटे, पुढे दर आठवड्याला 5 मिनिटांची भर, आणि सातव्या आठवड्यात 40 मिनिटे. ज्यांनी वर्षानुवर्षे व्यायाम केलेला नाही त्यांनी हीच चढण धरावी. पहिल्याच रविवारी सिंहगड चढायला निघू नये. वेग असा असावा की सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला अशा मध्यम श्रमाची 150 ते 300 मिनिटे आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम सुचवते.

पावसाळ्यात हा क्रम हमखास तुटतो. जूनपासूनच इमारतीचा व्हरांडा, वाहनतळ किंवा जिना ठरवून ठेवावा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर मात्र जाऊ नये, कारण पडून डोक्याला मार बसणे हे मेंदूच्या दृष्टीने न चालण्यापेक्षाही वाईट.

घरातील ज्येष्ठांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी असावेत. भिंतीला किंवा ओट्याला हात टेकवून आळीपाळीने एका पायावर उभे राहणे आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच-सात वेळा उठणे, एवढ्याने सुरुवात होते. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास वेग वाढवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि चालताना छातीत दुखू लागल्यास किंवा भोवळ आल्यास तेथेच थांबून तातडीने वैद्यकीय मदत मिळवावी.