कुत्र्याच्या कमरेचा एक्स-रे: इंटर्नशिपला येणाऱ्यांसाठी

नागपुरात पशुवैद्यकीय इंटर्नशिप करताना एक केस हमखास वाट्याला येते. रिंग रोडवर नाहीतर वर्धा रोडवर गाडीने उडवलेला कुत्रा, पोत्यावर टाकून आणलेला. आणणारा सांगतो, "कंबर गेली जी याची." बरेचदा त्याचं खरंही असतं. तरी लगेच कमरेची प्लेट घ्यायला धावू नका.

आधी श्वास, हिरड्यांचा रंग, नाडी. कंबर मोडेल इतका मार छातीलाही बसलेला असू शकतो, आणि फुप्फुसाचा मुका मार, छातीत साठलेली हवा किंवा फाटलेला डायफ्राम (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) कमरेच्या कितीतरी आधी जीव घेतो. म्हणून छातीचा एक्स-रे पहिला. कुत्रा लघवी करतोय म्हणून ब्लॅडर (मूत्राशय) शाबूत आहे, असं धरू नका. मागच्या पायांना खोल वेदना कळते का, शेपटी हलते का, गुदद्वार आकसतं का, हे भूल देण्याआधीच केसपेपरवर लिहा. भूल दिल्यावर या तपासण्यांना अर्थ उरत नाही.

पोझिशनला मात्र वेळ द्या. पाय मागे ताणून घेतलेला व्हीडी व्ह्यू (कुत्र्याला पाठीवर झोपवून) हिप डिस्प्लेसियासाठी, म्हणजे खुब्याचा सांधा ढिला असण्याच्या आजारासाठी, ठीक. मोडलेल्या कमरेला तो छळ आहे. पाय बेडकासारखे दुमडून फ्रॉग-लेग घ्या, सोबत लॅटरल, म्हणजे कुशीवर झोपवून. लॅटरलमध्ये दोन्ही बाजू एकमेकींवर येतात, तेव्हा थोडं तिरकं करून आणखी एक घ्या. हातांनी धरण्यापेक्षा भूल आणि वाळूच्या पिशव्या बऱ्या. किरणं अडवणारा शिशाचा लेड अॅप्रन जड वाटतो, उन्हाळ्यात तर नकोसाच होतो, तरी घालायचाच.

फिल्म हातात आली की आधी दोन्ही ऑब्च्युरेटर छिद्रं (कमरेच्या हाडातली डावी-उजवी मोठी भोकं) सारखी दिसतात का बघा. नसतील तर कुत्रा तिरपा झोपलाय, नाहीतर हाडच सरकलंय. पेल्विस, म्हणजे कमरेच्या हाडांचं कडं, काचेच्या बांगडीसारखी असते, एकाच जागी सहसा तुटत नाही. प्यूबिस (कड्याचं खालचं हाड) मोडलेलं दिसलं की नवखी मुलं खूश होऊन फिल्म खाली ठेवतात. तिथे थांबू नका. इलियम (पुढचं हाड), अॅसिटॅब्युलम (खुब्याची खोबण), इस्कियम (मागचं हाड), दोन्ही सॅक्रोइलियाक सांधे (इलियम कण्याला जोडणारे), फीमरचं म्हणजे मांडीच्या हाडाचं डोकं, शेवटचे कंबरमणके, सगळं ठरावीक क्रमाने बघा. सॅक्रमची (कण्याच्या शेवटी, शेपटीच्या आधी असलेल्या जोडमणक्यांची) भेग सगळ्यात जास्त निसटते, कारण तिच्यावर रेक्टममधल्या (गुदाशयातल्या) विष्ठेची सावली पडते. पिल्लू असेल तर वाढीच्या कूर्चेची रेघ फ्रॅक्चर वाटू शकते. दुसऱ्या बाजूशी ताडून बघा.

मागच्या पायाचा भार हिपमधून (खुब्यातून) इलियममार्गे सॅक्रमकडे जातो. या वाटेवरचं हाड सरकलं असेल तर सर्जनला लगेच दाखवा. आठ-दहा दिवस गेले की स्नायू आखडतात आणि हाड जागेवर आणणं कठीण होतं. फक्त प्यूबिस-इस्कियम मोडलं असेल तर बहुधा चार ते सहा आठवडे पिंजऱ्यातली विश्रांती पुरते. मोकाट कुत्र्यासाठी तो पिंजरा आणायचा कुठून, हे रेडिओलॉजीच्या पेपरात विचारत नाहीत.

पेल्विसचा मार्ग किती अरुंद झालाय, हे रिपोर्टमध्ये लिहायला विसरू नका. पुढे शौचाला अडतं ते त्यामुळेच. आणि मादी असेल तर मालकाला त्याच दिवशी सांगा, पिल्लं अडू शकतात, बरी झाली की नसबंदी करून घ्या.