वन्यजीव संवर्धनावर पॉडकास्ट करताना या चुका टाळा

वन्यजीवांवरचा लेख वाचणाऱ्याला शंका आली, तर तो मागच्या परिच्छेदाकडे वळू शकतो, छायाचित्र न्याहाळू शकतो, तळटीप तपासू शकतो. पॉडकास्ट ऐकणाऱ्याला यांतले काहीच सहज करता येत नाही. तो गाडी चालवत असतो किंवा हातातले काम उरकत असतो, आणि कानावर पडलेला आकडा, शब्द किंवा डरकाळी तो विश्वासाने स्वीकारतो. ज्या प्राण्याविषयी आपण बोलतो, तो प्राणीही आपले म्हणणे खोडून काढायला येणार नसतो. त्यामुळे या माध्यमात पडताळणीची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे कार्यक्रम करणाऱ्यावर येते, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ही जबाबदारी घाईत निसटल्यामुळेच होतात.

मिळेल तो आवाज वापरणे

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे ध्वनिसंग्रहात सापडेल तो आवाज उचलून निवेदनाखाली पसरणे. बाल्ड ईगल या गरुडाची खरी साद बारीक आणि किणकिणती असते. पण चित्रपटांत आणि जाहिरातींत त्याच्या तोंडी वर्षानुवर्षे रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याची कर्कश किंकाळी घातली गेली आहे. परिणामी खरी साद ऐकवली, तर श्रोत्याला तीच खोटी वाटते. संवर्धनाविषयी बोलणाऱ्या कार्यक्रमाने या गैरसमजात भर घालू नये. वापरलेल्या प्रत्येक ध्वनीची लेखी नोंद ठेवावी: प्रजाती कोणती, प्रदेश आणि महिना कोणता, ध्वनिमुद्रण कोणी केले आणि तो आवाज कोणत्या प्रसंगातला आहे. शेवटची बाब अनेकदा सुटते. धोक्याची सूचना देणारी हाक प्रसन्न पहाटेच्या वर्णनाखाली वाजवली, तर प्रजाती बरोबर असूनही श्रोत्याला चुकीचेच सांगितले गेलेले असते.

झेनो-कँटोसारख्या खुल्या संग्रहांत प्रजाती, तारीख, मुद्रणकर्ता आणि परवाना यांची माहिती प्रत्येक नोंदीसोबत असते. तिथल्या अनेक नोंदींचा परवाना व्यावसायिक वापराला मनाई करतो आणि काहींचा परवाना ध्वनीत फेरफार करण्यालाही मनाई करतो. जाहिराती घेणाऱ्या किंवा आवाजावर आवाज चढवून मिश्रण करणाऱ्या पॉडकास्टने ही अट आधी वाचावी आणि मुद्रणकर्त्याचे नाव कार्यक्रमातच घ्यावे.

दुसरी नेहमीची तक्रार अशी असते की प्राण्याचा आवाज श्रोत्यांना ऐकूच येत नाही. हत्तींच्या परस्परसंवादाचा मोठा भाग २० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २० कंपनांच्या, आसपास किंवा त्याखाली असतो. तो माणसाच्या कानाला जेमतेम जाणवतो आणि फोनच्या छोट्या स्पीकरमधून तर बाहेरच पडत नाही. अशा वेळी आवाजाची पातळी वाढवून उपयोग नसतो. मुद्रण दहापट वेगाने वाजवले की २० हर्ट्झचा स्वर २०० हर्ट्झवर येतो आणि ऐकू येतो. वटवाघळांच्या बाबतीत नेमके उलट करावे लागते. कॉमन पिपिस्ट्रेल या छोट्या वटवाघळाची साद साधारण ४५ किलोहर्ट्झला सर्वांत तीव्र असते. नेहमीच्या ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेणाऱ्या मुद्रणात, २२ किलोहर्ट्झच्या वरचे काहीच नोंदले जात नाही, म्हणून तिथे १९२ किलोहर्ट्झ किंवा त्याहून अधिक सॅम्पलिंग दर आणि तेवढी वारंवारता टिपणारा मायक्रोफोन लागतो. मग तो आवाज दहापट संथ केला की ऐकण्याजोगा होतो. मात्र वेग बदलला आहे, हे त्याच क्षणी निवेदनात सांगितलेच पाहिजे. भागाच्या वर्णनात कुठेतरी लिहून ठेवले, तर ऐकणाऱ्यापर्यंत ते पोहोचत नाही.

याच संदर्भात आवाज साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरविषयीही सांगायला हवे. माणसाचे बोलणे स्वच्छ करण्यासाठी बनवलेले नॉइज रिडक्शन रातकिड्यांची सलग किरकिर हा कचरा समजून काढून टाकते. अगदी कमी बिटरेटच्या, म्हणजे फार आकसून लहान केलेल्या, एमपीथ्रीमध्येही उच्च वारंवारतेचा भाग आधी छाटला जातो, आणि अनेक कीटक व काही पक्षी नेमके त्याच पट्ट्यात बोलतात. म्हणून मुलाखतीचा ट्रॅक आणि अधिवासाचा ट्रॅक वेगळे ठेवावेत, सफाई फक्त पहिल्यावर करावी, आणि प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता दोन-तीन मिनिटांचे सलग मुद्रण करून घ्यावे. संकलनात वाक्ये जोडताना पार्श्वभूमी तुटत असल्याचा दोष या एका सवयीने बहुतांशी दूर होतो.

हवा तो आवाज मिळावा म्हणून पक्ष्याला त्याच्याच जातीची साद वारंवार वाजवून दाखवणे ही चूक याहून गंभीर आहे. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला, असे समजून नर खाणे आणि घरट्याची राखण सोडून उत्तर देत राहतो. विणीच्या हंगामात हे पूर्णपणे टाळावे.

ठिकाण उघड करणे

लुई या प्रजातीनामाने ओळखल्या जाणाऱ्या गोनियुरोसॉरस पालीचे शास्त्रीय वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर पाळीव प्राण्यांच्या बाजारासाठी तिची इतकी धरपकड झाली की जिथून तिची प्रथम नोंद झाली होती, तिथून ती नाहीशी झाली. वैज्ञानिक नोंदीचे असे होऊ शकते, तर हजारो लोक ऐकतात त्या कार्यक्रमात दिलेल्या दिशा किती घातक ठरतील, याचा विचार व्हावा. गावाचे नाव गाळूनही माहिती फुटते. पाहुणा बोलण्याच्या ओघात देवळामागचा ओढा सांगून जातो, वाहनतळापासून किती चालावे लागले तेही सांगतो, भागासोबतच्या छायाचित्रात जीपीएसची नोंद राहते, आणि संकलनात कापलेले वाक्य लिखित प्रतिलेखात तसेच उरते. दुर्मीळ ऑर्किड, कासवे, पाली, गेंडे आणि शिकारी पक्ष्यांची घरटी यांच्याविषयीचा भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी तो फक्त याच एका हेतूने, शिकाऱ्याच्या कानाने, पुन्हा ऐकावा. चोरट्या शिकारीविषयी माहिती देणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तर नाव बदलणे पुरेसे नसते. परिसरातले लोक आवाजावरून माणूस ओळखतात, त्यामुळे तिचे म्हणणे दुसऱ्याने वाचून दाखवावे.

आकड्याचा अर्थ न सांगणे

‘१९७० पासून जगातील ७३ टक्के वन्यप्राणी नष्ट झाले’ हे वाक्य अनेक कार्यक्रमांत ऐकू येते आणि ते चुकीचे आहे. वर्ल्ड वाइड फंड फॉर नेचरच्या २०२४ च्या लिव्हिंग प्लॅनेट अहवालातील ७३ टक्के ही १९७० ते २०२० या काळात निरीक्षणाखाली असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या समूहांतील सरासरी घट आहे. या दोन विधानांतला फरक लहान नाही. समजा, एक समूह १,००० वरून ९०० वर आला आणि दुसरा १० वरून ३ वर आला. पहिल्याची घट १० टक्के, दुसऱ्याची ७० टक्के, म्हणून साधी सरासरी ४० टक्के निघते. पण एकूण प्राणी १,०१० वरून ९०३ झाले, म्हणजे घट ११ टक्क्यांहूनही कमी आहे. प्रत्यक्ष निर्देशांकाची गणनपद्धत याहून गुंतागुंतीची आहे, तरी मुद्दा हाच. समूहांची घसरण भयावह आहेच, आणि ती नेमकेपणाने सांगितली तरी तिचे गांभीर्य तसूभरही कमी होत नाही. उलट अतिशयोक्ती एकदा पकडली गेली, की श्रोता पुढच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत प्रजातींना धोक्यानुसार दिल्या जाणाऱ्या श्रेणींबाबतही हीच काळजी घ्यावी. महाकाय पांडा २०१६ मध्ये आणि हिमबिबट्या २०१७ मध्ये ‘संकटग्रस्त’ श्रेणीतून ‘असुरक्षित’ श्रेणीत आले. याचा अर्थ त्यांचा धोका टळला असा होत नाही, कारण ‘असुरक्षित’ ही श्रेणीसुद्धा धोक्यातील प्रजातींमध्येच मोडते.

कथा फार सुबक करणे

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून आणलेले ३१ लांडगे सोडण्यात आले. लांडग्यांनी एल्क हरणांना आवर घातला, विलोची झाडे वाढली, ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर परतले आणि नद्यांचे प्रवाहदेखील बदलले, ही मांडणी आता जगभर सांगितली जाते. ती आकर्षक आहे, आणि तिचा काही भाग खराही आहे. पण त्याच काळात अस्वले आणि प्यूमा वाढले होते, उद्यानाबाहेर माणसांकडून एल्कची शिकार होत होती, दुष्काळही पडले होते. शिवाय बीव्हर नसल्यामुळे ज्या ओढ्यांचे पात्र खोल गेले होते, तिथे लांडगे परतूनही विलो पूर्वीसारखे वाढले नाहीत. संशोधकांचा याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. कार्यक्रम करणाऱ्याने हा वाद गाळू नये. माझ्या मते तोच त्या भागाचा सर्वांत रंजक अंश ठरू शकतो. पाहुण्याला ‘हे कसे घडले’ यानंतर ‘याला न पटणारे अभ्यासक काय म्हणतात’ असा प्रश्न आवर्जून विचारावा.

प्राण्याच्या मनात आपले मन घालणे

गुदगुल्या केल्यावर हात वर करणाऱ्या स्लो लोरिस या छोट्या निशाचर प्राण्याच्या चित्रफिती लाखो लोकांनी कौतुकाने पाहिल्या. प्रत्यक्षात हात वर करणे हा त्याचा बचावाचा पवित्रा आहे. दंडाच्या आतल्या बाजूच्या ग्रंथीतील स्राव लाळेत मिसळून तो विषारी चावा घेतो. श्राव्य माध्यमात हीच चूक प्राण्याच्या चीत्काराला ‘हसतोय’ किंवा ‘गातोय’ असे नाव देण्यातून घडते. मात्र याच्या भीतीने प्राण्याला भावना नाहीतच, असे बोलणे हाही दोषच आहे. जेन गुडॉल यांनी १९६० पासून टांझानियातील गोम्बे येथे चिंपांझींना क्रमांकांऐवजी नावे दिली, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. पण त्या नावांमागे दीर्घ निरीक्षण होते आणि त्यातूनच चिंपांझी हत्यारे बनवून वापरतात हे जगाला कळले. म्हणून आधी प्राण्याने काय केले ते सांगावे, आणि त्याचा अर्थ कोण आणि कशावरून लावत आहे ते त्यानंतर सांगावे.

शेजारी राहणाऱ्यांना न विचारणे

प्राध्यापक, छायाचित्रकार आणि संस्थेचा प्रवक्ता बोलतात. ज्याचे पीक रात्रीतून आडवे झाले, तो मात्र दोन वाक्यांपुरता किंवा निवेदकाच्या तोंडूनच येतो. ही पक्षपाताची चूक तर आहेच, शिवाय त्यामुळे माहितीही निसटते. केनियात संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले की चवताळलेल्या मधमाश्यांचा नुसता ध्वनिमुद्रित आवाज ऐकूनही हत्ती पळ काढतात. त्यातून शेताभोवती मधमाश्यांच्या पेट्या टांगून कुंपण करण्याची पद्धत पुढे आली. संशोधकाची मुलाखत इथेच संपते. पेट्यांत माश्या टिकवायच्या कशा, दुष्काळात फुलोरा नसताना पेट्या रिकाम्या पडल्या तर काय करायचे, रात्रभर जागायचे कोणी, हे शेतकऱ्यालाच ठाऊक असते. त्याची मुलाखत त्याच्या भाषेत घ्यावी, अनुवादापूर्वी त्याचा मूळ आवाज काही क्षण चालू द्यावा, आणि भाग प्रसिद्ध झाल्यावर तो त्याला ऐकवावा.

शब्दही तपासावेत. ‘घुसखोरी’, ‘धुमाकूळ’, ‘रक्तपिपासू’ हे शब्द प्राण्याला गुन्हेगार ठरवतात. तर माणूस मृत्युमुखी पडला असताना केवळ ‘दुर्दैवी घटना’ म्हणून पुढे जाणे त्या कुटुंबाचा अवमान करते. काय घडले ते साध्या क्रियापदांत सांगितले की दोन्ही टळते.

केवळ अंधार, किंवा केवळ विजय

सलग निराशेचे भाग ऐकून श्रोता कार्यक्रम सोडतो, तर निव्वळ विजयगाथा ऐकून निश्चिंत होतो. स्पेन-पोर्तुगालमधले आयबेरियन लिंक्स हे रानमांजर २००२ च्या सुमारास शंभराच्या आत उरले होते. पिल्लांसह त्यांची संख्या २,००० पलीकडे गेल्यावर २०२४ मध्ये त्यांची श्रेणी ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’ झाली. हे यश सांगताना त्यांचे मुख्य खाद्य असलेल्या सशांची संख्या वाढवणे, बंदिस्त प्रजनन आणि रस्त्यांवरचे मृत्यू कमी करणे ही कामे कोणी आणि किती वर्षे केली, ते सांगावे. सशांमधील रोगाने हे सारे पुन्हा धोक्यात येऊ शकते, हेही सांगावे.

प्रायोजकाबाबत एकच दक्षता पुरेशी आहे: सिंहाचे पिल्लू कुशीत घेऊन छायाचित्र काढू देणाऱ्या पर्यटन व्यवसायाची जाहिरात अशा कार्यक्रमात येता कामा नये, मग पैशाची कितीही निकड असो.

जुने भाग तसेच सोडणे

पॉडकास्टचे जुने भाग वर्षानुवर्षे ऐकले जातात, आणि दरम्यान श्रेणी बदलतात, बंदी येते किंवा उठते. बोट्स्वानाने २०१४ मध्ये घातलेली शिकारबंदी २०१९ मध्ये उठवली. २०१५ चा भाग आज ऐकणाऱ्याला ती अजून लागू आहे असेच वाटेल. मुद्रणाची तारीख प्रत्येक भागाच्या आरंभी उच्चारावी. चूक किंवा बदल लक्षात आल्यास दुरुस्तीचे छोटे निवेदन मुद्रित करून ते जुन्या भागाच्या अगदी सुरुवातीला जोडावे आणि ध्वनिफाइल बदलावी. वर्णनातली दुरुस्ती बहुतेक जण वाचत नाहीत, आणि पुढच्या भागात मागितलेली क्षमा जुना भाग ऐकणाऱ्याच्या कानी कधीच पडत नाही.