नव्या वर्षाची वाचन-यादी: वाचनालयाने ती कशी करावी

नवं वर्ष लागलं की बरीच वाचनालयं शिफारशीची यादी लावतात. पहिल्याच आठवड्यात त्या पुस्तकांचं टेबल रिकामं होतं आणि पुढचा महिना-दीड महिना सभासद यादी वाचून हात हलवत परत जातात. यादीतली पुस्तकं बहुधा चांगलीच असतात. चुकलेला असतो तो प्रतींचा हिशेब, म्हणून सुरुवात तिथून करू.

एक प्रत आणि चौदा दिवसांची मुदत धरा. परत यायला सरासरी एक दिवस उशीर, जमा होऊन पुन्हा टेबलावर यायला आणखी एक. म्हणजे एका वाचकामागे १६ दिवस गेले. यादीकडे लोकांचं खरं लक्ष पहिले सहा आठवडे असतं, म्हणजे ४२ दिवस. तेवढ्या काळात एक प्रत अडीचाहून किंचित जास्त वाचकांपर्यंत पोचते. यादीत २४ पुस्तकं असली आणि प्रत्येकाची एकच प्रत असली, तर सहा आठवड्यांत जेमतेम ६३ देवघेवी होतात. दोनशे सभासद नियमित येत असतील तर उरलेल्यांसाठी ती यादी म्हणजे भिंतीवरचा कागद.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, यादीतल्या पुस्तकांची मुदत दहा दिवस करायची आणि मुदतवाढ बंद ठेवायची. फेरी १२ दिवसांची होते आणि देवघेवी ८४ पर्यंत जातात. पण हे फक्त पातळ पुस्तकांना चालतं. चारशे पानांचं पुस्तक दहा दिवसांत द्या म्हटलं की लोक ते न वाचता परत करतात. दुसरा उपाय जास्त कामाचा: प्रत्येक पुस्तकाला दोन जोड पुस्तकं ठरवून ठेवायची. मुख्य पुस्तक बाहेर असेल तर त्याच चवीचं हे घ्या, असं पुस्तकाजवळ ठेवायच्या शिफारशीच्या चिठ्ठीवरच लिहायचं. २४ ची यादी मग ७२ पुस्तकांची होते, आणि त्याच चौदा दिवसांच्या मुदतीत १८९ देवघेवी बसतात. नवी खरेदी शून्य. २४ पेक्षा मोठी यादी मात्र करू नये. शंभर नावांची यादी लोक कौतुकाने बघतात, आणि निवड करता येत नाही म्हणून नेहमीच्याच लेखकाकडे वळतात.

पुस्तकं कुठून निवडायची

नव्या वर्षाच्या सहा आठवडे आधी कामाला लागावं. पहिलं साधन म्हणजे देवघेवीची नोंद. संगणक असेल तर वर्षभराचा अहवाल काढा, नसेल तर पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखेची चिठ्ठी पुरते. वर्षात पंधरा-वीस वेळा बाहेर गेलेलं पुस्तक यादीत घेऊ नये, त्याला तुमच्या शिफारशीची गरज नाही. तीन वर्षांत एकदाही न हललेलं पुस्तक घ्यायचं असेल तर निवड करणाऱ्यांपैकी निदान दोघांनी ते पूर्ण वाचलेलं असावं. खरी खाण मधल्या पट्ट्यात असते: वर्षात तीन ते सात वेळा गेलेली पुस्तकं. ती कुणालातरी सापडली आहेत, पण सगळ्यांना माहीत नाहीत.

परतीच्या तारखा वाचायला शिकावं. जाडजूड पुस्तक दोन दिवसांत परत आलं तर ते सोडून दिलेलं असतं. पातळ पुस्तक दोन दिवसांत आलं आणि सभासदाने लगेच त्याच लेखकाचं दुसरं नेलं, तर ते एका दमात वाचलेलं असतं. दोनदा मुदतवाढ घेतलेलं पुस्तक बहुधा आवडलेलं असतं, फक्त वेळ पुरलेला नसतो.

निवड तिघा-चौघांनी करावी आणि त्यात देवघेवीच्या टेबलावर बसणारी व्यक्ती असलीच पाहिजे. समितीला वाटतं एक, टेबलावरच्या माणसाला माहीत असतं दुसरंच. प्रत्येकाने दहा नावं सुचवावीत, पण आपल्या नावांतली निदान चार दुसऱ्या कुणीतरी वाचलेली असावीत. गाजलेल्या आणि पुरस्कार मिळालेल्या पुस्तकांना चार जागा पुरेत. ती नावं सभासदांच्या कानावर आलेलीच असतात.

२४ ची वाटणी साधारण अशी बसते: आठ कादंबऱ्या, चार कथासंग्रह, चार चरित्रं-आत्मचरित्रं, चार प्रवास, निसर्ग किंवा विज्ञानावरची, दोन कवितांची, दोन दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी. हे आकडे तुमच्या सभासदांप्रमाणे हलवा. जाडीचा नियम मात्र हलवू नका, कारण त्यामागेही हिशेब आहे.

नव्या वर्षी वाचायला लागणारा माणूस एका बैठकीला वीस मिनिटं देतो असं धरू. तेवढ्यात मध्यम टाइपाची बारा पानं होतात असंही धरू. स्वतःचा आकडा घड्याळ लावून कुणालाही काढता येतो. म्हणजे २४० पानांचं पुस्तक वीस बैठकांचं. रोज बसला तरी वीस दिवस लागणार आणि मुदत आहे चौदा दिवसांची. खरं तर नवा वाचक आठवड्यात चारच दिवस बसतो, म्हणजे एका मुदतीत आठ बैठका आणि ९६ पानं. पहिलंच पुस्तक जाड दिलं तर तो अर्धवट वाचून, वर दंड भरून परत करतो आणि पुन्हा येत नाही. म्हणून यादीतली निदान आठ पुस्तकं १२० पानांच्या आतली, म्हणजे फार तर एका मुदतवाढीत संपणारी हवीत. कथासंग्रह जाड असला तरी चालतो, प्रत्येक गोष्ट संपल्यावर थांबता येतं.

कपाटापाशी जाऊन बघणं

नावं ठरली की पुस्तक हातात घेऊन तपासावं. दाखल नोंदवहीत असलेलं पुस्तक कपाटात असेलच असं नाही, चुकीच्या जागी लागलेली पुस्तकं याच वेळी सापडतात. पानं सलग आहेत का, शेवटची आठ-सोळा पानं जागेवर आहेत का, शिवण सुटली आहे का हे पाहा. रहस्यकथेचं शेवटचं पान नसलेली प्रत यादीत गेली तर शिव्या खाव्या लागतात, आणि त्या रास्तच असतात.

सुटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो, कागदात झिरपतो आणि पट्टी गळून गेली तरी डाग राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या पिठाची शिजवलेली खळ किंवा बांधणीचा पांढरा गोंद वापरावा. गोंद कमीत कमी लावून, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवून, वजनाखाली एक दिवस ठेवावं. टाइप फार बारीक असेल तर पुस्तक बाद करायची गरज नाही, पण चिठ्ठीवर तसं लिहा.

याच टप्प्यावर तीन घोळ पकडता येतात. मालिकेतला दुसरा भाग निवडला आहे आणि पहिला वाचनालयात नाही. अनुवादित पुस्तकाचे दोन अनुवाद आहेत आणि शिफारस कोणत्याची हे लिहिलेलं नाही; अनुवादकाचं नाव चिठ्ठीवर यायलाच हवं. आणि तिसरा, प्रत संक्षिप्त आवृत्तीची निघते, जी मुखपृष्ठावरून कळत नाही.

चिठ्ठी

या सगळ्यात जास्त वेळ चिठ्ठीला द्यावा. पोस्टकार्डाच्या आकाराचं कार्ड, चाळीस ते साठ शब्द, ठळक अक्षर. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढू नये, तो पुस्तक विकण्यासाठी लिहिलेला असतो. ‘अप्रतिम’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘वाचायलाच हवं’ हे शब्द बाद. ते कुठल्याही पुस्तकाला लागतात, म्हणून कुठल्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत.

अमेरिकन ग्रंथपाल नॅन्सी पर्ल म्हणतात की वाचक पुस्तकात चार दारांनी शिरतो: कथानक, पात्रं, स्थळ-काळ आणि भाषा. चिठ्ठी लिहिताना हे फार उपयोगी पडतं. या पुस्तकाचं सर्वांत मोठं दार कोणतं ते ठरवा आणि पहिलं वाक्य त्याबद्दलच लिहा. कथानकाच्या दारानेच शिरणाऱ्या वाचकाला भाषेसाठी वाचायचं पुस्तक दिलं तर तो तिसाव्या पानावर म्हणतो, ‘यात काही घडतच नाही.’ पुस्तक वाईट नसतं, दार चुकलेलं असतं. जोड पुस्तकंही याच दारावरून ठरवा, विषयावरून नाही. समुद्रावरच्या साहसकथेला समुद्रशास्त्राचं पुस्तक जोडलं तर विषय जुळतो, वाचक जुळत नाही.

त्यापुढे पुस्तक कुणाला आवडेल आणि कुणी घेऊ नये, दोन्ही लिहावं. दुसरं लिहायला समिती कचरते, पण चिठ्ठीवर विश्वास बसतो तो त्यामुळेच. शेवटी पानं, बैठका, वर्गांक (पुस्तकाचा विषयवार क्रमांक) आणि जोड पुस्तकांची नावं. कथानकाच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडचं काहीही सांगू नये. नमुना म्हणून (वर्गांक आणि जोड पुस्तकं सोडून):

‘छापखान्यात आयुष्यभर खिळे जुळवलेल्या माणसाचे निवृत्तीनंतरचे सहा महिने. घडतं थोडं, माणसं मात्र डोळ्यांसमोर उभी राहतात. शांत, किंचित विनोदी लेखन आवडणाऱ्यांसाठी. वेगवान गोष्ट हवी असेल तर हे नको. पहिलं प्रकरण संथ आहे, दुसऱ्यापासून वेग येतो. ११२ पानं, साधारण १० बैठका. टाइप मोठा.’

‘पहिलं प्रकरण संथ आहे’ या एका सूचनेने बरेच वाचक टिकतात. पुस्तक कधी सोडावं हेही यादीच्या तळाशी सांगून टाका. पर्ल यांचाच नियम सोपा आहे: पन्नास पानं वाचा, नाही जमलं तर खुशाल सोडा, वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, तेवढी पानं पुरे. सत्तरीच्या वाचकाने तीस पानांवर सोडलं तरी चालतं.

मांडणी

यादीतली पुस्तकं देवघेवीच्या टेबलाजवळ मुखपृष्ठ समोर करून लावा. कण्याकडून फक्त नाव दिसतं आणि अनोळखी नाव कुणी उचलत नाही. थेट ऊन येईल अशी जागा टाळा, मुखपृष्ठाचा रंग उडतो. पुस्तक कपाटातून काढलं तिथे पुठ्ठ्याची पट्टी ठेवून ‘शिफारस टेबलावर’ असं लिहा, नाहीतर कपाटात शोधणारा सभासद पुस्तक हरवलं समजतो. पुस्तक गेलं तरी कार्ड जागेवरच राहू द्या, आणि रिकाम्या जागी लगेच जोड पुस्तक लावा. मागणीची नोंद कार्डाच्या मागे करू नये, कुणी काय वाचतं ते सगळ्यांना दिसतं. त्यासाठी वेगळी वही टेबलाच्या आत असावी.

व्हॉट्सॲपवर २४ नावांची पीडीएफ पाठवली तर ती कुणी उघडत नाही. एका निरोपात एक पुस्तक, मुखपृष्ठाचा फोटो आणि चिठ्ठीचा मजकूर, आठवड्यातून दोनदा. पुस्तक त्या क्षणी वाचनालयात आहे याची खात्री करूनच पाठवा.

टेबलावरचा संवाद

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन वेगवेगळी सूत्रं आहेत. यादीने दुसरं साधतं. पहिल्यासाठी माणूसच लागतो.

‘तुम्हाला काय आवडतं?’ असं विचारू नये. लोक गडबडतात किंवा भारदस्त वाटेल असं उत्तर देतात. ‘अलीकडे शेवटपर्यंत वाचलेलं पुस्तक कोणतं?’ आणि ‘अर्धवट सोडलेलं कोणतं?’ हे दोन प्रश्न पुरतात, त्यातला दुसरा जास्त सांगून जातो. मग तीनच पुस्तकं पुढे ठेवावीत: एक ओळखीच्या वाटेचं, एक थोडं आडवाटेचं, एक अगदी पातळ. तीनही नको म्हणाले तर आग्रह नको. मुलांना स्वतःच निवडू द्यावं. कठीण आहे का हे पाहायला कुठलंही एक पान वाचायला सांगा आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोडायला लावा. पाचही बोटं मोडली तर ते पुस्तक सध्या मोठ्यांनी वाचून दाखवायचं.

सहा आठवड्यांनंतर

परतीच्या वेळी ‘आवडलं का?’ विचारलं की सगळे हो म्हणतात. ‘कितव्या पानापर्यंत पोचलात?’ असं विचारा आणि फक्त आकडा टिपा, नाव नको. सहा आठवड्यांनी प्रत्येक पुस्तकापुढे दोन आकडे हवेत: किती वेळा गेलं आणि किती जणांनी संपवलं. गेलं पण संपलं नाही, तर चिठ्ठी चुकीचं दार दाखवते आहे. ती नव्याने लिहा. गेलंच नाही, तर आधी चिठ्ठी बदला, दोन आठवड्यांनी टेबलावरची जागा बदला, आणि तरीही हललं नाही तर पुस्तक बदला. संपवलेल्यांचा आकडा मोठा आणि मागणीची वही भरलेली असेल, तर दुसरी प्रत घ्यायची ती त्याच पुस्तकाची. खरेदीची यादी अशी वहीतून तयार झाली की समितीतले वादही निम्मे होतात.

टेबलावरून उतरलेल्या पुस्तकाचं कार्ड फेकू नका. आतल्या पानाला पेपरक्लिपने लावलं तर कागदावर गंजाचा डाग पडतो, म्हणून ते कार्डाच्या खिशात सरकवून पुस्तक पुन्हा कपाटात लावा.