कापडी डायपर घेताना: शिवलेला पॅड नको, घडीचं कापड घ्या

पावसाळ्यात कापडी डायपरचा जाड, शिवलेला पॅड वाळता वाळत नाही. मग कुबट वास येतो आणि वापरून फेकायचे डायपर पुन्हा घरात येतात. त्यावर उपाय म्हणजे बाहेरचं वॉटरप्रूफ कव्हर आणि आतलं शोषणारं कापड वेगवेगळं घेणं.

१. कव्हर पीयूएल कापडाचं (वॉटरप्रूफ थर दिलेलं पॉलिएस्टर), मांडीपाशी इलॅस्टिक असलेलं. ४–५ पुरतात.

२. आत घडी घालून ठेवायचे सुती चौकोन, साधारण ७० × ७० सेंमी. जुनं धोतर किंवा मऊ सुती साडी फाडली तरी चालते. नवं विकत घ्यायची गरजच नाही. तान्ह्या बाळाला दिवसाला १०–१२ लागतात, त्यामुळे एक दिवसाआड धुणार असाल तर २४ ठेवा. उलगडून पसरलं की एकेरी कापड पंख्याखालीही वाळतं.

३. नवं कापड वापरण्याआधी ४–५ वेळा धुवा. कोऱ्या सुतात नैसर्गिक तेलकटपणा असतो, पाणी नीट शोषलं जात नाही.

४. घडीची कड कव्हरबाहेर डोकावू देऊ नका. बहुतेक गळती तिथूनच होते, आणि दोष मात्र डायपरला!

रात्री घडीत एक जादा कापड ठेवा. मायक्रोफायबरचा पॅड असेल तर तो थेट त्वचेला लावू नका, त्वचा कोरडी पडते.

दोन गोष्टी जपा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि कापड शोषेनासं होतं. आणि कव्हर उकळत्या पाण्यात घालू नका, आतला वॉटरप्रूफ थर सुटतो.