भाडेकरू बदलतानाचे मधले दिवस

माझा वाकडचा टू बीएचके भाड्याने दिलेला आहे आणि मी नोकरीला बंगळूरला. पाच वर्षांत तीन भाडेकरू बदलले, मधलं सगळं पुण्यातल्या एका मॅनेजरकडे. पहिल्या वेळी मी फोनवर एवढंच म्हणालो, "तुम्ही बघून घ्या." त्यांनी बघितलं. रंग, सफाई, प्लंबर मिळून एकोणतीस हजारांचं बिल आलं. तोवर जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट पूर्ण परत गेलं होतं. ओट्याला गेलेला तडा त्याच्या काळातला की आधीचा, हे सांगणारा एक फोटो कुणाकडे नव्हता.

आता नोटीस मिळाली की मॅनेजरला दोनदा पाठवतो. एकदा सामान असताना, म्हणजे दुरुस्तीचा अंदाज आधीच येतो आणि कारागीर सांगून ठेवता येतो. दुसऱ्यांदा घर रिकामं झाल्यावर, भाडेकरूसमोर. व्हिडिओत नळ, गीझर, सिंकखालची ओल, बाल्कनीची जाळी आणि विजेच्या मीटरचं रीडिंग हवंच. महावितरणचं शेवटचं बिल माणूस गेल्यावर येतं, म्हणून रीडिंगवरून हिशोब करून तेवढेच पैसे राखायचे. खिळ्यांच्या भोकांवरून मी भांडत नाही. इथे बंगळूरात मी स्वतः भाडेकरू आहे आणि घर सोडताना रंगाच्या नावाखाली महिन्याचं भाडं कापलं जातं तेव्हा कसं वाटतं, ते मला माहीत आहे.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. भाडेकरू बदलला की मॅनेजरला नवी दलाली मिळते. म्हणजे जुना टिकावा यात त्याचा फायदा नाही. माणूस वाईट नव्हता, आमचा व्यवहारच तसा ठरला होता. आता अकरा महिन्यांच्या आत भाडेकरू गेला तर पुढची दलाली अर्धी, असं लिहून घेतलंय. पाच हजारांवरचा खर्च मला विचारल्याशिवाय नाही, हेही त्यातच.

कराराच्या बाबतीत मात्र कुणावर विसंबू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा करार, नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, मॅनेजरची नाही. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच आधी खरं धरतात. खर्च तरी किती? अकरा महिन्यांच्या करारात महिना बावीस हजार भाडं आणि सहासष्ट हजार डिपॉझिट असेल, तर अकरा महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिटवरचं धरलेलं व्याज यांवर मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने सव्वासहाशेच्या आत बसतं, शहरात नोंदणी फी हजार. अंगठ्याचा ठसा घ्यायला एजंट घरी येतो. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते. ती पावती मी स्वतः मागून घेतो.

किल्ल्यांचा हिशोब मला सुचलाच नव्हता. दुसरा भाडेकरू गेल्यावर महिन्याभराने त्याच्या स्वयंपाकाच्या मावशींनी सोसायटीच्या वॉचमनकडे एक किल्ली आणून दिली. तेव्हापासून दर वेळी लॅच बदलतो.