छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग घरीच कशी बनवायची

द्राक्षबागेतली गोडी छाटणी (फळांसाठीची) ऐन रंगात आली की हमखास कात्रीची स्प्रिंग तुटते, नाहीतर टुणकन उडून वेलीखालच्या गवतात जाते आणि मग कितीही शोधा, सापडत नाही. दुकानात मापाची मिळेलच असं नाही, म्हणून मी घरीच वळतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तार. बांधकामाची बाइंडिंग वायर, जीआय तार, तांब्याची तार यातलं काही चालत नाही, मऊ असतात, दाबली की तशीच राहतात. हार्डवेअरच्या दुकानात स्प्रिंग वायर किंवा पियानो वायर म्हणून मागा. जाडी जुन्या स्प्रिंगचीच घ्या, व्हर्निअरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजून, अंदाजाने नको, कारण ताकद जाडीच्या चौथ्या घातात वाढते, म्हणजे १.६ च्या जागी १.८ मिमी घेतली तर बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग साधारण ६० टक्के कडक होते, आणि दिवसभर कात्री चालवणाऱ्याचा अंगठा संध्याकाळी काम करत नाही. एवढ्यासाठीच मी मापावर अडून बसतो.

स्प्रिंग कात्रीच्या दोन खुंट्यांवर बसते, त्यामुळे आतलं माप जुळायला हवं. तार सोडली की उलगडते, म्हणून ज्या बोल्टवर गुंडाळायची तो बारीक घ्यायचा, आत १० मिमी हवं असेल तर ८ चा बोल्ट घेऊन आधी तीन-चार वेढ्यांची ट्रायल काढा, मोठी झाली तर अजून बारीक बोल्ट.

बोल्टला टोकाशी करवतीने खाच पाडा, तारेचं टोक त्यात अडकवा, बोल्ट आणि टोक दोन्ही व्हाईसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) घट्ट आवळा आणि तार पकडीने ताणून धरत वेढ्याला वेढा चिकटवत गुंडाळा. ताण ढिला पडला की वेढे लहानमोठे होतात. जुनीला होते तेवढेच वेढे. झालं की तार एकदम सोडू नका हां, चाबकासारखी फिरते, डोळ्यावर गॉगल पाहिजेच, हळूहळू उलटं फिरवून ताण उतरवा आणि मगच कापा.

आता दोन्ही टोकं धरून ओढा, वेढ्यांमध्ये सारखी फट पडली पाहिजे, फक्त टोकाचा एकेक वेढा चिकटलेला ठेवा आणि कानशीने सपाट घासा म्हणजे ती वाकडी बसत नाही. लांबी जुनीपेक्षा थोडी जास्तच ठेवा, पहिल्यांदा पूर्ण दाबली की जरा बसतेच.

गॅसवर लाल मात्र करू नका, सगळा कडकपणा जातो. जुना ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असेल तर तारेवरचं तेल पुसून २३० डिग्रीला अर्धा तास ठेवा आणि आपोआप गार होऊ द्या, वळताना आलेला ताण निघतो, स्प्रिंग जास्त टिकते. यात ती किंचित आकसते, त्यामुळे खुंटीवर थोडी सैल बसणारीच बरी.

मग पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडा, तेलाचा थेंब द्या आणि कात्रीत बसवा. बोल्ट व्हाईसमध्ये आहे तोवर अजून दोन वळून घ्या, एक खिशात राहू द्या.