सर्टिफिकेट संपलं अन् सकाळीच फोन

लातूरला घरूनच वेबसाइटची कामं करतो, सात-आठ क्लायंट आहेत. ऐन सोयाबीन पेरणीत बियाण्याच्या दुकानवाल्या काकांचा सकाळी सहालाच फोन, "अरे बाबा, साइट उघडली की 'सुरक्षित नाही' म्हणायलंय, गिऱ्हाईक भ्यायलेत!" बघितलं तर लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट सुरक्षित असल्याचा दाखला, संपलेलं, ते 90 दिवसांचं होतं अन् सर्टबॉट नावाचा प्रोग्राम ते आपोआप रिन्यू करतो म्हणून मी निवांत, पण फायरवॉल (सर्व्हरवर कोण येऊ शकतं ते ठरवणारे नियम) बदलताना मीच पोर्ट 80, म्हणजे साध्या वेब ट्रॅफिकचा दरवाजा, बंद केला होता अन् रिन्यू करताना साइट आपलीच आहे का याची तपासणी, म्हणजे एचटीटीपी चॅलेंज, तिथूनच होते. काकांना खरं सांगितलं, चूक माझी. पोर्ट उघडला, रिन्यू मारलं, सर्व्हर रीलोड केला, साइट चालू. आता सगळ्यांच्या एक्स्पायरी तारखा एकाच शीटमध्ये टाकल्यात अन् दर सोमवारी दुसरं काम घ्यायच्या आधी ड्राय-रन, म्हणजे रिन्यू होईल का याची नुसती चाचणी, मारून बघतोच.